एमडी५ मधले नऊ हजार पासवर्ड बीक्रिप्टवर न्यायचे, तेही कुणाला रीसेट करायला न लावता

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. डिचोलीत बसून तुम्ही होमस्टे-बुकिंगचं एक जुनं पीएचपी सॉफ्टवेअर सांभाळता, मूळ लिहिणारा कधीच सोडून गेलाय, मालक आणि पाहुणे मिळून नऊ हजारांच्या आसपास खाती आहेत आणि सगळ्यांचे पासवर्ड नुसत्या एमडी५ मध्ये, म्हणजे पासवर्डावरून ३२ अक्षरी ठसा (हॅश) काढणाऱ्या जुन्या पद्धतीत, पडून आहेत. तुम्हाला हॅशिंगची तयार लायब्ररी वापरायचीय. तुमचे पात्रांव, म्हणजे साहेब, म्हणतात लायब्ररी कशाला, एसएचए-२५६ (तसलीच पण नवी पद्धत) करा, वर थोडं सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डाला जोडायची वेगळी रँडम अक्षरं, टाका, झालं. आणि सीझन तोंडावर असताना लोकांना पासवर्ड बदलायला सांगितलेलं त्यांना चालणार नाही. तर अल्गोरिदम कुठला, कॉस्ट (एकेक हॅश काढायला किती मेहनत लावायची तो आकडा) किती, आणि जुन्यांचं काय करायचं?

मी पर्वरीला हेच काम करतो, हॉटेलं, पतसंस्था, शाळांची फी-सॉफ्टवेअरं, असलं जुनं कोड हातात घेऊन पुढे चालवणं. माझं मत आधीच सांगून टाकतो, अल्गोरिदम हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पीएचपीत तो दोन ओळींत संपतो. वेळ जातो तो जुन्या कोडनं पासवर्डचं हॅशिंगच्या आधी काय काय केलंय ते शोधण्यात, आणि हॅश सोडून पासवर्ड आणखी कुठे कुठे सांडलाय ते बघण्यात.

पण आधी पात्रांवांचं बघू, कारण त्यांना पटल्याशिवाय तुम्हाला वेळ मिळणार नाही. एसएचए-२५६ मोडलेला नाही, त्यात काही खोट नाही, तो फक्त या कामासाठी बनलेला नाही. तो वेगानं चालावा म्हणूनच बनवलाय. एक आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड हॅशकॅट या पासवर्ड फोडायच्या प्रोग्रॅमवर सेकंदाला साधारण १६,००० कोटी एमडी५ काढतं आणि एसएचए-२५६ घेतला तरी दोन हजार कोटींच्या वर. आता आठ अक्षरी, सगळी छोटी इंग्रजी अक्षरं असलेले पासवर्ड एकूण होतात २०,८८३ कोटी. म्हणजे एमडी५ असेल तर सगळेच्या सगळे दीड सेकंदाच्या आत, एसएचए-२५६ ला दहा सेकंद धरा. सॉल्टनं काय होतं तर आधीच बनवून ठेवलेले तक्ते निकामी होतात आणि दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा दिसतो, ते हवंच, पण सॉल्ट हॅशशेजारीच त्याच टेबलात असतं त्यामुळे चोराला एकेका खात्यावर बसायला काहीच अडचण नाही, दहा सेकंद प्रत्येकी.

बीक्रिप्ट मुद्दाम हळू आहे. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी तो मांडला तेव्हाच त्यात कॉस्टचा आकडा ठेवला, तो एकानं वाढवला की काम दुप्पट होतं. तेच कार्ड कॉस्ट १२ ला सेकंदाला दीड हजाराच्या आसपास येऊन थांबतं आणि वरचे सगळे आठ अक्षरी पासवर्ड एका खात्यासाठी तपासायला साडेचार वर्षं लागतात. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसारखं आहे, एकट्याला पलीकडे जायचं असेल तर थोडं थांबणं जाणवत नाही, पण अख्खी जत्रा पलीकडे न्यायची म्हटली तर दिवस संपतो. तुमचा युजर एकटा आहे, जत्रा चोराकडे आहे. पात्रांवांना हे दीड सेकंद आणि साडेचार वर्षं एवढे दोन आकडे सांगा, बाकी नको.

लायब्ररी कशाला, याचं उत्तर म्हणजे पासवर्ड_हॅश हे फंक्शन पीएचपी ५.५ पासून भाषेतच आहे, वेगळं काही आणायचंच नाहीये. ते स्वतः सॉल्ट बनवतं आणि जे परत देतं त्या साठ अक्षरांच्या ओळीत अल्गोरिदमची खूण, कॉस्ट, सॉल्ट आणि हॅश सगळं एकत्र असतं. म्हणून सॉल्टचा वेगळा कॉलम करू नका. जुन्या ट्युटोरियलमध्ये सॉल्ट आपण बनवून आत देतात तेही करू नका, पीएचपी ८ पासून ते दिलंत तरी दुर्लक्ष होतं. ती ओळ तोडायची नाही, तिच्यातून सबस्ट्रिंग काढायची नाही, आली तशी ठेवायची आणि तपासताना तशीच पासवर्ड_व्हेरिफायला द्यायची. याचा एक परिणाम लोक विसरतात, तुमच्या जुन्या लॉगिनची क्वेरी "जिथे युजर हा आणि पासवर्ड हा" अशी असणार, ती आता चालणार नाही कारण दर वेळी सॉल्ट वेगळं. आधी युजरची रो आणायची, मग पीएचपीत तपासायचं. आणि कॉलम ३२ चा असेल तो आजच २५५ चा करा, कारण मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असला तर तो साठ अक्षरं गुपचूप ३२ वर कापतो, एरर येत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी कोणीच लॉगिन होत नाही.

बीक्रिप्ट की आर्गॉन२ (तसाच मुद्दाम हळू, पण नवा अल्गोरिदम), हे तुमच्या सर्व्हरवर अवलंबून आहे आणि तुम्ही सर्व्हरबद्दल काही लिहिलं नाहीये. नव्यानं सुरुवात आणि हाताशी रॅम असेल तर मी आर्गॉन२आयडी घेईन, २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा आर्गॉन२ नं जिंकली, आता तो इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजांत ९१०६ क्रमांकानं आहे, आणि तो मेमरी खातो म्हणून ग्राफिक्स कार्डवाल्यांना आणखी जड जातो. पण तीच मेमरी तुमच्याही सर्व्हरची जाते. पीएचपीत त्याचा डिफॉल्ट एका हॅशला ६४ एमबी आहे, एक जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर), जिथे मायएसक्यूएलही बसलंय, तिथे नाताळाच्या आठवड्यात दहा जण एकदम लॉगिन झाले की ६४० एमबी गेली. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेचा किमान सल्ला १९ एमबी आणि दोन फेऱ्यांचा आहे, तेवढ्यावर भागतं, पण शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी आर्गॉनसकट बनवलेलं असेलच असं नाही. बीक्रिप्ट सगळीकडे असतं. तुमच्या वर्णनावरून मी तरी बीक्रिप्टच घेतला असता आणि त्याबद्दल अजिबात वाईट वाटून घेतलं नसतं.

कॉस्ट कुठून कॉपी करू नका, मोजा. ज्या सर्व्हरवर चालणार तिथेच, लॅपटॉपवर नाही. एका हॅशला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागेल असा आकडा मी धरतो, साध्या व्हीपीएसवर तो बहुतेक १२ च निघतो. पीएचपी ८.४ नं डिफॉल्टही १० चा १२ केलाय. जुन्या आवृत्तीवर असाल तर १२ स्वतः लिहा. पुढे सर्व्हर बदलला, कॉस्ट वाढवली, तर पासवर्ड_नीड्स_रीहॅश आहे, प्रत्येक यशस्वी लॉगिननंतर ते विचारायचं आणि हो म्हणालं तर त्याच क्षणी नवा हॅश करून ठेवायचा, कारण खरा पासवर्ड तुमच्या हातात फक्त तेवढा एकच क्षण असतो.

आता जुने नऊ हजार. दोन वाटा आहेत. एक, जो जसा लॉगिन होईल तसा त्याचा बदलायचा. सोपं आहे पण जे येतच नाहीत त्यांचा एमडी५ तसाच उघडा राहतो, आणि तुमच्याकडे एकदा राहून गेलेला पाहुणा पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. दुसरी वाट, आहे त्या एमडी५ ओळीलाच पासवर्ड समजून तिच्यावर बीक्रिप्ट चढवायचं, सगळ्या नऊ हजारांना एकाच रात्री, आणि मग लॉगिन झाला की त्याचा शुद्ध बीक्रिप्ट करायचा. मी ही दुसरी सांगेन. पाव सेकंद गुणिले नऊ हजार म्हणजे पाऊण तासाच्या आत स्क्रिप्ट संपते आणि युजरला काही कळतही नाही.

यात एक खड्डा आहे तो नीट वाचा. टेबलात एक कॉलम ठेवा, या रोची पद्धत कुठली: कच्चा एमडी५, एमडी५ वर बीक्रिप्ट, की शुद्ध बीक्रिप्ट. लॉगिनला तो कॉलम बघूनच एक आणि एकच तपासणी करायची. काही जण कॉलमचा कंटाळा करून "आधी असं बघू, नाही जुळलं तर तसं बघू" असं लिहितात. तसं केलंत तर गुंडाळलेल्या, म्हणजे एमडी५ वर बीक्रिप्ट चढवलेल्या, रोसमोर थेट तपासणीही चालते, म्हणजे ज्याच्याकडे तुमचा जुना एमडी५ चा डंप आहे त्यानं ती ३२ अक्षरंच पासवर्डच्या खणात टाकली की तो आत. हॅश फोडायचीसुद्धा गरज नाही! एवढा सगळा खटाटोप करून आधीपेक्षा वाईट अवस्था.

क्रम असा ठेवा: तिन्ही पद्धती ओळखणारं कोड आधी चढवायचं, दोन दिवस बघायचं, मग स्क्रिप्ट. स्क्रिप्टनं फक्त कच्च्या एमडी५ च्या रो उचलायच्या, आणि अपडेट करताना "जुना हॅश अजून तोच असेल तरच" अशी अट घालायची, म्हणजे मधल्या वेळात कोणी पासवर्ड बदलला तर त्याच्यावर पाणी फिरत नाही. अशी लिहिली की ती मध्येच मेली तरी परत चालवता येते. सर्व्हर कुठे मुंबईला असेल पण तुमची वीज डिचोलीची आहे, पावसात ती गेली की राउटर बंद आणि एसएसएच तुटतं, तेव्हा जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्स किंवा नोहपमध्ये चालवा.

आणि आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ जाणार ते. जुन्या कोडमध्ये पासवर्ड एमडी५ पर्यंत पोचायच्या आधी त्याला काय काय करतात ते ओळ न ओळ वाचा. ट्रिम असेल, स्ट्रटूलोअर असेल, एचटीएमएलस्पेशलचार्स असेल, एसक्यूएल इंजेक्शनच्या भीतीनं अ‍ॅडस्लॅशेस तर हमखास. माझ्याकडे आलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं, आणि आपल्याकडे त्याची गंमत अशी की डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा ही मंडळी आडनावच पासवर्डात घालतात, मधल्या चिन्हाच्या आधी अ‍ॅडस्लॅशेस एक बॅकस्लॅश घालतं, आणि एमडी५ त्या बॅकस्लॅशसकट झालेला असतो. नव्या कोडमध्ये हे काढून टाकलंत की बाकी सगळं गाव लॉगिन होतं आणि नेमके हेच फोन करतात, आणि तुम्ही स्वतः टेस्ट करता तेव्हा सगळं बरोबर चालतं. म्हणून जुन्या वाटेवर, म्हणजे एमडी५ गुंतलेल्या रोसाठी, ती सगळी जुनी घाण जशीच्या तशी ठेवायची, एका वेगळ्या फंक्शनमध्ये, आणि नव्या हॅशसाठी मात्र युजरनं टाइप केलं ते न छाटता न धुता. कोंसेसांवसारख्या नावात पोर्तुगीज शेपटीची अक्षरं टाकणारा एखादा निघतो, तिथे जुनं पान यूटीएफ-८ नव्हतं तर बाइट वेगळे पडतात, असे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात, त्यांना रीसेट लिंक पाठवा नि मोकळे व्हा.

बाइटवरून आठवलं. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो, पुढचं सोडून देतो, आणि पीएचपी त्याबद्दल तक्रार करत नाही. इंग्रजीत ७२ अक्षरं पुष्कळ झाली, पण देवनागरीचा एकेक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा, काना मात्रा वेलांट्या वेगळ्या मोजून, म्हणजे फक्त २४. मराठीत एखादं छोटं वाक्य कुणी पासवर्ड म्हणून ठेवलं तर शेवटचे शब्द नुसते शोभेला. आणि कोणी युजरनेम वगैरे पुढे जोडून बीक्रिप्टला देत असेल तर विषय गंभीर होतो, लॉगिनची सेवा विकणाऱ्या ओक्टा कंपनीनं २०२४ साली स्वतःच जाहीर केलं की त्यांच्याकडे युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टनं कॅशची किल्ली बनत होती, आणि युजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असेल तर काही परिस्थितीत पासवर्डशिवाय लॉगिन होऊ शकत होतं. तुमच्यासाठी उपाय साधा, स्ट्रलेननं बाइट मोजा, एमबी_स्ट्रलेननं नाही, ७२ च्या वर गेलं तर पासवर्ड ठेवतानाच स्पष्ट सांगा की लांब झाला. आधी एसएचए करून मग बीक्रिप्ट करायची युक्ती आहे, पण ती चुकीची केली तर शून्य बाइटचे वेगळे घोळ होतात, तुम्हाला ती नको.

मराठी-कोंकणी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. "दुसऱ्या" मधला र एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ म्हणून येतो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा वर्ण म्हणून. डोळ्यांना जवळपास एकच, बाइट वेगळे, हॅश वेगळा. नॉर्मलायझरचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत, काही भेद मिटवतं पण हा न दिसणारा वर्ण ते काढत नाही. तुमचे बहुतेक युजर रोमनमध्येच पासवर्ड ठेवतात, यावर रात्र घालवू नका, पण नव्या वाटेवर "न छाटता न धुता" ला एवढा एकच अपवाद करून एनएफसी पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लावलंत तर झालेले हॅश जुळणार नाहीत.

आता हॅशच्या आजूबाजूचं. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचा २०१५ चा डेटा फुटला तेव्हा त्यांचे पासवर्ड बीक्रिप्ट कॉस्ट १२ मध्येच होते. पण लॉगिनच्या एका टोकनसाठी कुणीतरी तोच पासवर्ड छोट्या अक्षरांत करून एमडी५ मध्ये घातला होता, आणि फोडणाऱ्यांनी त्या बाजूनं जाऊन एक कोटी दहा लाखांच्या वर पासवर्ड काढले. तुमच्याकडे "मला लक्षात ठेवा" ची कुकी कशी बनते ते उघडून बघा. लॉगमध्ये पोस्टचा सगळा डेटा लिहिला जातो का ते बघा. रीसेट लिंकचं टोकन ३२ रँडम बाइटचं असू दे, मुदत तासाभराची, आणि टेबलात त्याचा साधा एसएचए-२५६ ठेवला तरी पुरे, ते रँडम आहे, ओळखता येत नाही, तिथे हळू हॅशची गरज नसते. आणि तुमच्या जुन्या एसक्यूएल बॅकअपच्या फायली, ऑफिसच्या पीसीवर, ड्राइव्हवर, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर, त्यात तेच नऊ हजार कच्चे एमडी५ आहेत. त्या शोधून काढल्याशिवाय हे काम पुरं झालं असं मी म्हणणार नाही.

पात्रांव अजून कुरकुरत असतील तर मालकाच्या एका खात्यामागे काय आहे ते दाखवा, परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट, इतरांची आधारची फोटोकॉपी. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना कळल्यावर सहा तासांत कळवावं लागतं.

एक मात्र आधीच मान्य करा, बीक्रिप्ट दुबळ्या पासवर्डला वाचवत नाही. गावाचं नाव, ॲटची खूण नि १२३, असे दहा लाख अंदाज वरच्याच कार्डावर एका खात्यासाठी बारा मिनिटांत होतात. म्हणून नवा पासवर्ड घेताना किमान आठ अक्षरं, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताळा. हॅव आय बीन पोन्डची सेवा आहे, तिला एसएचए-१ ची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची असतात. एक मोठं अक्षर, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदल, हे नियम काढून टाका, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनंही २०१७ पासून ते नको म्हटलंय, लोक फक्त शेवटचा आकडा एकानं वाढवतात. लॉगिनवर प्रयत्नांची मर्यादा घाला पण नुसत्या आयपीवर नको, मोबाइल डेटावर एका आयपीमागे पुष्कळ लोक असतात, खातं आणि आयपी दोन्ही बघा. युजर सापडलाच नाही तरी एका खोट्या हॅशवर व्हेरिफाय चालवा, नाहीतर उत्तराच्या वेगावरून कुठलं ईमेल नोंदलेलं आहे ते कळतं.

दुसऱ्या भाषांतले लोकही हे वाचतील म्हणून पटकन: पायथनमध्ये पासलिब या हॅशिंग लायब्ररीची शेवटची आवृत्ती २०२० ची आहे आणि बीक्रिप्ट नावाच्या लायब्ररीच्या ५.० सोबत ती आपटते, कारण ५.० आता ७२ बाइटच्या वर सरळ एरर देतं, तेव्हा बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२-सीएफएफआय थेट वापरा. नोडमध्ये सिंक नावाची फंक्शनं सर्व्हरमध्ये वापरू नका, एक हॅश चालू असताना बाकी सगळे तुंबून राहतात.

तुमच्यासाठी वेळ म्हणाल तर कोड चवथीच्या आधी चढवा, स्क्रिप्ट त्यानंतरच्या एखाद्या मधल्या वारी रात्री, ऑक्टोबरात विमानं सुरू व्हायच्या आत. एक सीझन जाऊ दे. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या रो अजून गुंडाळलेल्याच आहेत त्यांचा हॅश रिकामा करा, आतून एमडी५ च असल्यानं दुसऱ्या कुठल्या साइटवरून फुटलेले एमडी५ त्यावर चालवून बघता येतात, आणि ते परत आलेच तर लॉगिनऐवजी रीसेटचं पान दाखवा. सुरू करण्याआधी जुन्या कोडमधलं नोंदणीचं आणि पासवर्ड बदलायचं, अशी दोन्ही पानं बघा, अ‍ॅडस्लॅशेस एकात असतं नि दुसऱ्यात नसतं असंही सापडतं, तसं असेल तर ती दोन पानं इथे टाका, मग पुढचं बोलू.